चुना, वाड्यातलं सागवान आणि ९२ सालची मोझॅक फरशी : आमच्या टूबीएचकेच्या 'हेल्दी' इंटिरिअरचा दीड वर्षानंतरचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू लिहायला दीड वर्ष थांबले ते मुद्दाम. काम झाल्या झाल्या सगळ्यांचंच घर छान दिसतं, खरं काय ते एक उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा गेल्याशिवाय कळत नाही, त्यातून आमचं घर कोथरूडमध्ये दुसऱ्या मजल्यावर, बेडरूमची एक भिंत पश्चिमेला, म्हणजे जुलैमध्ये ओल धरणारच. आता तो पावसाळा गेलाय त्यामुळे जे चांगलं ते चांगलं आणि जे फसलं ते फसलं असं दोन्ही लिहिते.

ज्यांनी काम केलं ती छोटी टीम आहे, एक आर्किटेक्ट ताई, एक सुतारकाका आणि एक गवंडी. नाव इथे टाकत नाहीये, त्यांनीच सांगितलंय की एका वेळी दोनच घरं घेतो, उगाच फोन नकोत.

आधी थोडं मागचं सांगते, नाहीतर एवढा खटाटोप का केला ते कळणार नाही. २०१८ मध्ये आम्ही पहिल्यांदा इंटिरिअर केलं होतं, एका मोठ्या मॉड्युलर कंपनीकडून, ४५ दिवसांत चावी हातात वगैरे. दिसायला एकदम चकाचक. पण बेडरूमचं वॉर्डरोब उघडलं की नाकात एक तिखट वास जायचा आणि डोळे चुरचुरायचे, दिवाळीत ठेवलेली साडी संक्रांतीला काढली तर तिला तोच वास. आम्हाला वाटलं नव्या फर्निचरचा वास आहे, जाईल. तो पूर्ण गेलाच नाही, कमी व्हायचा आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात आणि पावसाळ्यात परत यायचा. लेक तेव्हा दोन वर्षांची, तिला रात्री खोकल्याची उबळ यायची, डॉक्टरांनी घरात काय काय नवीन आलंय असं विचारलं तेव्हा पहिल्यांदा डोक्यात प्रकाश पडला.

तो वास फॉर्मल्डिहाइडचा. पार्टिकल बोर्ड, एमडीएफ (दोन्ही लाकडाचा भुसा-तंतू गोंदात दाबून केलेल्या फळ्या) आणि स्वस्तातलं एमआर ग्रेड, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारं, प्लाय चिकटवायला जो युरिया फॉर्मल्डिहाइड गोंद वापरतात त्यातून तो वायू हळूहळू सुटत राहतो, सुरुवातीला जास्त, मग कमी, पण उष्णता आणि दमट हवा मिळाली की तो गोंदच थोडा थोडा तुटतो आणि वास परत वाढतो. म्हणजे आपल्याकडचं हवामान त्याला अगदी सोयीचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, २००४ मध्येच फॉर्मल्डिहाइडला माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. हे वाचून घाबरवायचं नाहीये कुणाला, पण मला तेव्हा जर कुणी सांगितलं असतं की बाई गं, रंग आणि हँडल निवडण्याआधी आतला बोर्ड कुठला ते विचार, तर मी विचारलं असतं. कुणी सांगितलंच नाही.

तर आता दुसऱ्या वेळचं काम. आर्किटेक्ट ताई पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा मला वाटलं कॅटलॉग काढतील, बांबू, ज्यूट, हिरवी भिंत वगैरे दाखवतील. त्यांनी काहीच काढलं नाही. खिडक्या सगळ्या उघडायला लावल्या, बेडरूममध्ये दार लावून दहा मिनिटं नुसत्या बसल्या, कपाटात डोकं घालून वास घेतला, मग खाली वाकून लॅमिनेटच्या वुडन फ्लोअरिंगचा एक कोपरा उचलून बघितला आणि म्हणाल्या, "ताई, याच्या खाली मोझॅक आहे का हो?" होती. बिल्डिंग १९९२ ची, तेव्हाची मोझॅक टाईल, पांढऱ्या सिमेंटमध्ये काळे-तपकिरी दगडाचे तुकडे. आम्हीच २०१८ ला ती जुनाट दिसते म्हणून झाकली होती. फ्लोअरिंग उपटलं तर खाली फोमच्या थराला काळी बुरशी, पूर्ण पश्चिमेच्या भिंतीच्या कडेने हातभर रुंद पट्टा. म्हणजे पाच वर्षं आम्ही त्यावर झोपत होतो.

ती मोझॅक त्यांनी पाण्यावर चालणाऱ्या मशीनने तीन हात घासून पॉलिश केली. दोन टाईल तडकलेल्या त्या तशाच ठेवल्या, फक्त सांधे भरले. नवीन फरशीचा खर्च वाचला, ट्रकभर डेब्रिस वाचलं, चिकटवायला केमिकल लागलं नाही, आणि सकाळी अनवाणी चालताना जो गारवा लागतो तो त्या लॅमिनेटला कधीच नव्हता. माझ्या मते अख्ख्या कामातली सगळ्यात पर्यावरणाची गोष्ट ही होती आणि त्यात नवीन वस्तू एकही आणली नाही. ज्यांच्या घरात जुनी मोझॅक किंवा शहाबादी आहे त्यांनी प्लीज ती उखडायच्या आधी एकदा पॉलिशवाल्याला दाखवा.

आता चुना. बेडरूमच्या दोन भिंती आणि हॉलची एक भिंत चुन्याची केली. हे ऐकून आमच्या सासूबाई सगळ्यात खूश, त्यांचं माहेर वाईचं, तिकडे दर वर्षी दिवाळीच्या आधी घराला चुन्याचा हात द्यायचे, त्यात नीळ टाकायचे म्हणजे पांढरा जास्त उजळ दिसतो. पण फ्लॅटमध्ये ते सोपं नाही हे आधीच सांगते. चुना जुन्या प्लास्टिक पेंटवर आणि पुट्टीवर धरत नाही, ते सगळं खरवडून सिमेंटच्या प्लास्टरपर्यंत जावं लागतं. आणि इथे एक महत्त्वाची गोष्ट. जुन्या घराचे खालचे रंगाचे थर कोरडे घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत असलंच पाहिजे हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात, विशेषतः दारं-खिडक्यांच्या ऑइल पेंटमध्ये, शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांना फार वाईट. आमच्या गवंड्याने भिंत आणि चौकटी ओल्या करून खरवडल्या, रोजचा रोज कचरा पिशवीत बांधला आणि आम्ही त्या पंधरा दिवसांसाठी लेकीला तिच्या आत्याकडे ठेवलं.

चुनकळी पिंपात टाकून त्यावर पाणी ओतलं तेव्हा मी मुद्दाम बघायला खाली पार्किंगमध्ये गेले होते. एका मिनिटात पाणी उकळायला लागतं, विस्तव नाही काही नाही, नुसता दगड आणि पाणी, पिंपातून वाफ. गवंड्याने मला लांब उभं केलं, डोळ्यात एक थेंब गेला तर वाईट भाजतं. ती निवळून बरेच दिवस पाण्यात मुरवली, मग गाळून घेतली. खाली बारीक वाळू-चुन्याचा गिलावा आणि वर पातळ चुन्याचे चार हात. पहिला हात मारला तेव्हा माझं तोंडच पडलं, भिंत जशीच्या तशी राखाडी, ओला चुना पारदर्शक दिसतो हे मला माहीत नव्हतं. दुपारी चारला परत आले तर खिडकीकडच्या बाजूने पांढरा रंग वर येत होता, आणि संध्याकाळपर्यंत अख्खी भिंत उजळली. तो रंग वरून लावल्यासारखा वाटतच नाही, भिंतीच्या आतून आल्यासारखा वाटतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुना परत दगड होत जातो, म्हणून त्याला वेळ द्यावा लागतो.

फायदा काय झाला? चुना अल्कली असतो त्यामुळे त्यावर बुरशी सहजासहजी धरत नाही, आणि तो ओलावा आत घेतो आणि बाहेर सोडतो, प्लास्टिक पेंटसारखा आत कोंडून ठेवत नाही. गेल्या पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवर एका ठिकाणी ओल दिसली, बशीएवढी, पण पापुद्रे नाहीत, काळं नाही, गणपतीपर्यंत आपोआप वाळली. खोलीत तो कुबट वास आलाच नाही. बाहेरून भिंतीला भेग असेल तर मात्र चुना काही करू शकत नाही, ती आधी बुजवलीच पाहिजे, आम्ही बुजवली होती.

तोटे पण आहेत. पाठ टेकली की काळ्या कपड्याला पांढरं लागतं, पहिले तीन-चार महिने तर फारच. हॉलच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा आल्यात, मला त्या चालतात, माझ्या नवऱ्याला चालत नाहीत. आणि भिंतीवर लेकीने स्केचपेनने काढलेला मोर पुसता येत नाही, त्यावर परत चुन्याचा हातच मारावा लागतो. वेळेचं तर विचारूच नका. टीमने पाच आठवडे सांगितले होते, लागले साडेनऊ, कारण मधे अवकाळी पाऊस आला आणि चुना वाळेना. हे त्यांनी आधी स्पष्ट सांगायला हवं होतं, आम्ही भाड्याच्या घराचा एक महिना फुकट भरला.

बाकीच्या भिंतींना साधा बाजारातलाच रंग लावला, पण निवडताना बरंच शिकायला मिळालं. 'वॉटर बेस्ड' लिहिलंय म्हणजे व्हीओसी, म्हणजे रंगातून उडून हवेत मिसळणारी रसायनं, नाहीत असं अजिबात नसतं. डब्यावर हिरवं पान असतं त्याला तर काहीच अर्थ नाही. दुकानदाराकडे टेक्निकल डेटा शीट मागायची, त्यात व्हीओसी ग्रॅम प्रति लिटरमध्ये दिलेलं असतं, आतल्या भिंतीच्या मॅट रंगासाठी ग्रीन बिल्डिंगवाले ५० च्या आत बघतात. अजून एक, पांढरा बेस झिरो व्हीओसी असला तरी मशीनमधून शेडसाठी जो टिंटर (रंगाचा अर्क) घालतात त्यात व्हीओसी असू शकतं, म्हणून जितका गडद शेड तितका हा प्रश्न जास्त. आम्ही फिकट शेडच घेतले. मला एक भिंत गडद मोरपंखी हवी होती, ती सोडून दिली, वाईट वाटलं पण ठीक आहे.

फर्निचरचं सांगते, हा माझा सगळ्यात आवडता भाग. सुतारकाका आम्हाला भवानी पेठेत टिंबर मार्केटला घेऊन गेले, जुनं लाकूड विकणाऱ्यांकडे. पुण्यात वाडे पडतात तेव्हा त्यांच्या तुळया, खांब, चौकटी, कडीपाट कुठे जातं असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तिथे रचून ठेवलेलं असतं सगळं, धुळीने काळं, खिळे ठोकलेलं, कोनाड्याच्या चौकटीवर हळदीकुंकवाचे डाग तसेच. काकांनी एका तुळईला रंधा मारला, दोन हात मारले असतील, आणि आतून असा मधासारखा रंग आणि सागाचा तो तेलकट वास. त्यांनी कपच्या माझ्या हातावर ठेवून सांगितलं, "वहिनी, हे शंभर वर्षं वाळलेलं लाकूड आहे, आता हे कुठं वाकत नाय." खरंच, पावसाळ्यात आमचं एकही दार अडकलं नाही. या लाकडासाठी नवं झाड तोडावं लागत नाही हे तर आहेच.

फक्त हे घ्यायला माणूस जाणकार लागतो. आतून वाळवीने पोखरलेलं असू शकतं, काका प्रत्येक तुकडा ठोकून आवाज ऐकत होते. आणि लाकडात मोडलेले खिळे असतात, एक दिसला नाही तर कटरचं पातं गेलं, ते बिलात लावलं, त्यावरून थोडी कुरबूर झाली. मजुरी नव्या लाकडापेक्षा बरीच जास्त पडते कारण घासायला, खिळे काढायला दिवस जातात.

सगळंच सागवानाचं परवडणारं नव्हतं. दारं आणि पलंग सागाचे, कपाटाचा आतला सांगाडा प्लायचाच केला, पण बीडब्ल्यूपी ग्रेडचा, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा, आयएस ७१० या भारतीय मानकाचा, त्यात फिनॉलिक गोंद असतो, तो युरियावाल्या गोंदापेक्षा खूप कमी वायू सोडतो. त्यातही कमी एमिशनचा घेतला. प्लाय घेताना ई-० की ई-१ (किती फॉर्मल्डिहाइड सुटतो त्याचे वर्ग, ई-० मध्ये कमी) हे विचारायचं आणि प्रत्येक शीटवर शिक्का बघायचा, बिलावर लिहून घ्यायचं. आणि काकांनी एक गोष्ट केली जी मॉड्युलरवाल्यांनी केली नव्हती, कापलेल्या सगळ्या कडा, बिजागरीची भोकं, मागची बाजू, जे दिसत नाही ते सगळं बंद केलं. वायू जास्त करून उघड्या कडेतूनच सुटतो. आमचं जुनं वॉर्डरोब तोडलं तेव्हा त्याची मागची बाजू आणि तळ उघडेच होते, पावसाने फुगून बिस्किटासारखे झालेले.

पॉलिशला मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) ही केमिकलची पॉलिशं नको म्हटलं, कारण ते मारताना आणि नंतर आठवडाभर घरात थांबवत नाही. जवसाचं तेल आणि मधमाशीचं मेण. दिसायला मऊ, हात फिरवला की लाकूडच लागतं. पण प्रत्येक हाताला वाळायला दोन-तीन दिवस, आणि डाग पडतात, पाण्याचा ग्लास ठेवला की गोल उमटतो. जेवणाच्या टेबलवर एक हळदीचा डाग आहे तो उन्हात ठेवून ठेवून फिका केलाय. वर्षातून एकदा परत तेल लावायचं, या दिवाळीत मी स्वतः लावलं, सुट्टीचा एक दिवस जातो. एक खबरदारी सगळ्यांना सांगते, जवसाचं तेल लावलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. काका ती फडकी बाल्कनीत दोरीवर एकेक पसरून वाळवायचे, मला आधी वाटलं फडकी परत वापरायची असतील म्हणून.

फसलेली गोष्ट म्हणजे चिकाचे पडदे. बांबूचे घेतले, दिसायला सुंदर, दुपारचं ऊन छान गाळून येतं. टीमने सांगितलं, कीड लागू नये म्हणून बोरॅक्स-बोरिकमध्ये ट्रीट केलेला बांबू आहे. तीन महिन्यांनी एका पडद्याखाली खिडकीच्या कट्ट्यावर रोज सकाळी पिवळट पिठासारखी भुकटी दिसायला लागली, बांबूला बारीक बारीक भोकं. म्हणजे तो एक पडदा तरी ट्रीट केलेला नव्हता. फोन केला, पहिले दोन आठवडे नुसतं "बघतो, येतो", मग ताई स्वतः आल्या, बघितलं, चूक कबूल केली आणि बदलून दिला, पैसे घेतले नाहीत. यासाठी मार्क कापते पण अर्धे परत देते.

किचनबद्दल. ओटा कडाप्प्याचाच ठेवला. चिमणी बदलली, आधीची डक्ट नसलेली होती, ती धूर फिल्टरमधून फिरवून परत घरातच सोडते, फोडणीचा ठसका बेडरूमपर्यंत यायचा. आता डक्ट थेट बाहेर काढलाय आणि शिवाय साधा एक्झॉस्ट फॅन. देवघर आधी पॅसेजमध्ये होतं, ते खिडकीपाशी घेतलं म्हणजे उदबत्तीचा धूर बाहेर जातो, याला सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, दिशा जुळतेय हे कळल्यावर मान्य केलं. सगळ्या खिडक्यांना डासांची जाळी लावली आणि कॉइल कायमची बंद. या तीन गोष्टींना मिळून पलंगापेक्षा कमी खर्च आला आणि घरातल्या हवेत फरक मात्र रोज जाणवतो. फॉल्स सिलिंग काढून टाकलं, उंची वाढली, पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, लावले, ते साधारण ३० वॉट घेतात, जुने ७५ घ्यायचे. गाद्या पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून परत भरून घेतल्या, फोमची एक होती ती दिली.

झाडांबद्दल बरेच जण विचारतात, हवा शुद्ध करायला कुठली ठेवलीस. १९८९ चा नासाचा अभ्यास सगळीकडे सांगतात पण तो छोट्या बंद पेटीत केलेला होता. २०१९ मध्ये असे सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा निघालं की खिडकी उघडून जेवढी हवा शुद्ध होते तेवढी करायला एका चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. आमच्या घरी मनी प्लांट आहे, स्नेक प्लांट आहे, तुळस आहे, मला त्यांच्याकडे बघून बरं वाटतं म्हणून आहेत. हवेसाठी समोरासमोरच्या दोन खिडक्या सकाळ-संध्याकाळ उघडतो.

खर्च. ७२० स्क्वेअर फूट कार्पेट, तोडफोडीसकट ८ लाख ९० हजार झाले. त्याच कामाला मॉड्युलरचं कोटेशन साडेसात लाख होतं. फरक मुख्यतः मजुरीचा आहे, सामानाचा फारसा नाही. बिल मात्र या टीमने एका कागदावर चार ओळींत दिलं, मी मागून मागून आयटमप्रमाणे घेतलं. तुम्ही कुठल्याही टीमकडून करा, आधी आयटमप्रमाणे लिहून घ्या, प्लायचा ग्रेड, रंगाचं नाव, पॉलिश कुठलं, सगळं.

लेकीचा खोकला या वर्षी खूप कमी झालाय. ती मोठीही झाली, औषधही चालू होतं, त्यामुळे घरामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण परवा तिचा स्वेटर काढायला कपाट उघडलं, चार महिने बंद होतं, आणि आत डोकं घालून मी मुद्दाम मोठा श्वास घेतला. सागाचा वास आला आणि सासूबाईंनी ठेवलेल्या वेखंडाचा. डोळे चुरचुरले नाहीत.

वेळ आणि हिशोब सांभाळायला ५ पैकी अडीच, कामाला आणि मालाला साडेचार. बाल्कनीचं काम पण यांनाच दिलंय, फक्त यावेळी चुना पाऊस पूर्ण संपल्यावरच लावायचा असं लिहून घेतलंय.